पाऊल, पुच्छ आणि नाव : नर्मदाखोऱ्यातील शिकारी डायनोसॉरांची ओळख

नर्मदा महाराष्ट्राच्या वाट्याला फार थोडी आली आहे. अमरकंटकापासून खंबायतच्या आखातापर्यंत सुमारे १३१२ किलोमीटर वाहणारी ही नदी जेमतेम ५४ किलोमीटर नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून जाते. प्रवाहाच्या दिशेने पाहता या सीमेवरचे शेवटचे गाव म्हणजे अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली. सरदार सरोवराच्या भिंतीला महाराष्ट्रातील सर्वांत जवळचे गाव हेच, आणि म्हणून जलाशयाचे पाणी महाराष्ट्रात प्रथम शिरले तेही येथेच. १९९०च्या दशकातील सत्याग्रहांमुळे हे नाव मराठी वाचकाच्या परिचयाचे झाले. नर्मदेच्या खोऱ्याविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले त्याचा मोठा भाग परिक्रमा आणि विस्थापन या दोन विषयांभोवती फिरतो, आणि ते स्वाभाविकही आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय याच खोऱ्याचा, परंतु फार जुना आहे. मणिबेलीच्या सभोवतालचे सातपुड्याचे डोंगर ज्या काळ्या बेसॉल्टचे बनले आहेत तो खडक म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेला लाव्हा. या लाव्हाखाली मध्य आणि पश्चिम भारतात अनेक ठिकाणी चुनखडी, वाळू आणि चिकणमातीचा एक पातळ थर सापडतो. जबलपूरजवळच्या नर्मदाकाठच्या लमेटा घाटावरून त्याला ‘लमेटा’ हे नाव मिळाले. नर्मदेच्या वरच्या अंगाला जबलपूर, पश्चिमेला गुजरातेतील बालासिनोर आणि दक्षिणेला आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा व डोंगरगाव, या सर्व ठिकाणी लमेटाच्या थरातून डायनोसॉरांची हाडे निघाली. त्यांतील शिकारी डायनोसॉरांची हाडे पाहू गेल्यास एक गोष्ट प्रथमदर्शनीच जाणवते : कवट्या अगदी मोजक्या, त्याही तुकड्यांत, भरणा आहे तो पायाच्या हाडांचा आणि शेपटीच्या मणक्यांचा. एवढ्या सामग्रीवरून हे प्राणी कोणत्या कुळातले, हे कसे ठरवायचे? तो निर्णय पूर्वी कसा केला गेला, कोठे चुकला आणि कसा दुरुस्त झाला, याचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकाने वाचावा असा आहे. खंडित अवशेषावरून अखंडाविषयी किती बोलावे, हा प्रश्न आपल्याही शास्त्राचा आहे.

पाय आणि शेपूटच अधिक का उरतात, याचे उत्तर साधे आहे. कवटी ही अनेक पातळ हाडांची सांधणी असते. प्राणी मेला, पुराने ओढत नेला, की ती लवकर विखुरते. पायाची हाडे आखूड, भरीव आणि घट्ट असतात. शेपटीत तर मणक्यांची लांबलचक माळच असते, त्यामुळे त्यांतील काही तरी मागे राहण्याची शक्यता संख्येनेच वाढते. असे असूनही वर्गीकरणाची परंपरा मुख्यतः कवटी आणि दात यांवर उभी राहिली. यात थोडा विरोधाभास आहे, कारण डायनोसॉरांच्या मोठ्या गटांची नावेच पायावरून पडली आहेत. अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ ऑथनिएल चार्ल्स मार्श याने १८७८ मध्ये लांब मानेच्या महाकाय शाकाहारी गटाला ‘सॉरोपोडा’ म्हणजे ‘सरडपाद’ असे नाव दिले आणि १८८१ मध्ये मांसभक्षक गटाला ‘थेरोपोडा’ म्हणजे ‘श्वापदपाद’. या श्वापदपादांविषयीच आपल्याला येथे बोलावयाचे आहे. मात्र कथेचा आरंभ एका सरडपादाच्या शेपटीपासून करावा लागतो.

ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेला विल्यम हेन्री स्लीमन हा कंपनी सरकारचा अधिकारी. १८२८ मध्ये जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर त्याला काही अश्मीभूत हाडे मिळाली. ‘डायनोसॉर’ हा शब्द त्या वेळी अस्तित्वातही नव्हता. रिचर्ड ओवेनने तो घडवला १८४२ मध्ये. हाडे कलकत्त्यास पोहोचली, हातोहात फिरली आणि अखेर १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकरने त्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ ही नवी जाती जाहीर केली. तिचा मुख्य आधार होता शेपटीचे दोन मणके. या मणक्यांच्या पुढच्या बाजूस खोलगट वाटी आणि मागच्या बाजूस फुगीर गोळा, अशी उखळी सांध्यासारखी रचना होती. लिडेकरच्या काळी ती असाधारण होती. पुढे दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर येथून या कुळातील अनेक प्राणी उजेडात आले आणि तशीच शेपूट त्यांच्यापैकी पुष्कळांना असल्याचे दिसले. जे एका जातीचे लक्षण म्हणून नोंदले गेले ते साऱ्या कुळाचे लक्षण ठरले. २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी या जातीचे नाव ग्राह्य धरता येत नाही असा निर्णय दिला.

येथे एक तत्त्व हाती लागते. लक्षण हे हाडात जितके असते तितकेच ते तुलनेसाठी उपलब्ध असलेल्या संग्रहात असते. हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांना हे निराळे सांगण्याची गरज नाही. एखाद्या पोथीतला वेगळा पाठ हा त्या लेखकाचा विशेष आहे की त्या संपूर्ण शाखेचा, हे दुसऱ्या पोथ्या पाहिल्यावाचून कळत नाही. एकुलती एक पोथी नेहमीच असाधारण वाटते.

लिडेकरचे मणके पुढे कलकत्त्यातील संग्रहात दिसेनासे झाले आणि हरवले असेच समजले गेले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे आणि सुभाशिष सेन यांनी २०१२ मध्ये त्यांतील एक मणका त्याच शहरातील संग्रहातून शोधून काढला. भारतातून नोंदला गेलेला पहिला डायनोसॉर अशा रीतीने दुसऱ्यांदा सापडला, आणि तो खडकात नव्हे, कपाटात सापडला.

आता शिकाऱ्यांकडे वळू. १९१७ ते १९१९ या काळात चार्ल्स आल्फ्रेड मॅटली याने त्याच बडा सिमला टेकडीवर पद्धतशीर उत्खनन केले. एका थरात मांसाहारी डायनोसॉरांची हाडे एकमेकांत मिसळून पडलेली होती. कोणता मणका कोणत्या पायाचा सोबती, हे सांगण्याची सोय नव्हती. ही सामग्री जर्मनीतील ट्यूबिंगेनचे प्रख्यात तज्ज्ञ फ्रीडरिक फॉन ह्यूने यांच्याकडे गेली आणि १९३३ मध्ये ह्यूने व मॅटली यांचा मध्य प्रांतातील डायनोसॉरांवरचा मोठा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यात एकट्या बडा सिमल्यातून श्वापदपादांच्या आठ नव्या प्रजाती मांडल्या गेल्या. इंडोसुकस आणि इंडोसॉरस या दोन कवटीच्या तुकड्यांवर आधारलेल्या होत्या. उरलेल्या सहा, म्हणजे कॉम्प्सोसुकस, लीव्हीसुकस, जबलपुरिया, सीलुरॉइडीस, ड्रिप्टोसॉरॉइडीस आणि ऑर्निथोमिमॉइडीस, या मणक्यांवर उभ्या होत्या. पायाची हाडे पुष्कळ होती. ती स्थूलमानाने दोन ढिगांत विभागली गेली. जाडजूड हाडे मोठ्या, अ‍ॅलोसॉरससारख्या शिकाऱ्यांची आणि सडपातळ हाडे लहान, चपळ सीलुरोसॉरांची.

या नावांकडे भाषेच्या अभ्यासकाने जरा थांबून पाहावे. सहापैकी तीन नावांच्या शेवटी ‘-ऑइडीस’ हा ग्रीक प्रत्यय आहे. त्याचा अर्थ ‘-सदृश’. सीलुरॉइडीस म्हणजे सीलुरससदृश, ड्रिप्टोसॉरॉइडीस म्हणजे ड्रिप्टोसॉरससदृश, ऑर्निथोमिमॉइडीस म्हणजे ऑर्निथोमिमससदृश. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर या उपमा आहेत, आणि तिन्हींची उपमाने उत्तर अमेरिकेतील आहेत. यात ह्यूने यांचा अडाणीपणा नव्हता, त्यांच्याइतका हाडे पाहिलेला माणूस त्या काळी विरळाच. त्यांच्या समोरच्या फडताळात जे प्राणी चांगले माहीत होते ते युरोप आणि उत्तर अमेरिका येथलेच होते. दक्षिणेकडील खंडांच्या शिकाऱ्यांविषयी फारसे काही ज्ञातच नव्हते. नर्मदाकाठच्या मणक्याला आरसा म्हणून मिळाला तो उत्तरेचा, आणि त्यात जे दिसले त्याला नाव मिळाले. परिणाम असा झाला की पुढची अनेक दशके पाठ्यपुस्तकांतून भारतात अ‍ॅलोसॉरांचे भाईबंद, शहामृगासारखे ऑर्निथोमिमिड आणि नाना तऱ्हेचे सीलुरोसॉर एकत्र नांदत राहिले.

प्रश्नचिन्हे लागली नाहीत असे मात्र नाही. मॅटलीने १९२३ मध्ये याच टेकडीतून ‘लमेटासॉरस’ नावाचा चिलखती डायनोसॉर वर्णिला होता. त्याचे कमरेचे हाड, नडगीचे हाड आणि त्वचेवरील कठीण पट्ट्या एकाच प्राण्याच्या मानल्या गेल्या. १९३५ मध्ये डी. के. चक्रवर्ती यांनी हा प्राणी खरोखर चिलखती होता काय, असा प्रश्न जाहीरपणे विचारला. कमरेचे व नडगीचे हाड मांसाहारी श्वापदपादाचे आणि पट्ट्या दुसऱ्याच कोणाच्या, हे पुढे मान्य झाले. अनेक हातांची पाने एका बासनात बांधली गेली की एक नवा ग्रंथकार जन्माला येतो, तशातलाच हा प्रकार. लमेटासॉरसची ती मूळ हाडे आज उपलब्ध नाहीत. तपासायचे ते छापील वर्णन आणि चित्रे यांवरूनच.

परिस्थिती पालटली ती अर्जेंटिनातून. १९८५ मध्ये होसे बोनापार्ते आणि त्यांचे सहकारी यांनी पॅटागोनियातून अ‍ॅबेलिसॉरस आणि कार्नोटॉरस हे दोन शिकारी वर्णिले. आखूड, उंच तोंडाचे, अत्यंत तोकड्या हातांचे हे प्राणी उत्तरेकडील कोणत्याच कुळात बसत नव्हते. त्यांच्यासाठी ‘अ‍ॅबेलिसॉरिडी’ हे नवे कूळ मांडावे लागले. कार्नोटॉरसचा सांगाडा बराच पूर्ण होता. मग मादागास्करमध्ये मजुंगासॉरसचे उत्तम सांगाडे मिळाले. २००१ मध्ये तेथूनच मासिआकासॉरस हा लहान चणीचा नातलग वर्णिला गेला. हे लहान प्राणी ‘नोआसॉरिड’ म्हणून ओळखले जातात. कवटीपासून शेपटीपर्यंत जुळलेले सांगाडे हाती आल्यावर प्रथमच असे विचारता येऊ लागले, की या कुळाचा पाय कसा असतो आणि शेपूट कशी असते. तोवर कवटीवाचून मुका असलेला बडा सिमल्याचा ढीग आता बोलका होण्याची शक्यता निर्माण झाली.

ही तपासणी केली अर्जेंटिनाचे फर्नांडो नोव्हास आणि कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील शाश्वती बंद्योपाध्याय यांनी. २००१ मध्ये त्यांनी नर्मदाखोऱ्यातील पायांच्या नखरांवर, म्हणजे नखाच्या आतील हाडांवर, शोधनिबंध लिहिला. २००४ मध्ये फेडेरिको अग्नोलिन यांच्यासह १९३३ च्या प्रबंधातील श्वापदपादांच्या हाडांचा फेरआढावा घेतला. त्यांची पद्धत थोडक्यात समजून घेण्यासारखी आहे.

प्रथम नखर. बहुतेक श्वापदपादांच्या नखराच्या दोन्ही अंगांना एकेक लांब खोबण असते आणि खालच्या बाजूस, बोट वाकवणारा स्नायुबंध जेथे चिकटतो तेथे, एक उंचवटा असतो. अ‍ॅबेलिसॉरिडांच्या पायाच्या नखरात ही खोबण मागे जाताना दुभंगते, दोन फाट्यांच्या मधोमध त्रिकोणी फुगवटा राहतो आणि खालच्या उंचवट्याच्या जागी उलट खळगा दिसतो. हा तपशील एवढासा आहे, पण तो पॅटागोनियात दिसतो, मादागास्करमध्ये दिसतो आणि जबलपूरच्या नखरांतही दिसतो. दुसरी गोष्ट पावलाच्या लांब हाडांची. श्वापदपाद मुख्यतः तीन बोटांवर उभे राहतात, आणि त्या तीन बोटांना पेलणारी तीन लांब हाडे पावलात असतात. टायरॅनोसॉर आणि ऑर्निथोमिमिड यांच्यात यांतले मधले हाड वरच्या टोकाला चिमटीत धरल्यासारखे निमुळते होते. नोआसॉरिडांत आतल्या बाजूचे हाड बारीक झालेले असते. त्यामुळे हाड सडपातळ आहे एवढ्यावरून ते उत्तरेकडील सीलुरोसॉराचे ठरत नाही. ते कोठे आणि कसे सडपातळ आहे हे पाहावे लागते. जाड ढीग आणि बारीक ढीग ही १९३३ ची विभागणी आकारमानाची होती, कुळाची नव्हती. दोन्ही ढिगांचे स्पष्टीकरण एकाच मोठ्या घराण्यातील थोरले आणि धाकटे म्हणून देता येत होते.

शेपटीची कथा अधिक बोधप्रद आहे. धडाच्या मणक्याला बरगड्या जोडलेल्या असतात आणि त्या टेकण्याच्या खुणा मणक्याच्या अंगावर राहतात. शेपटीच्या मणक्याला तशा बरगड्या नसतात. मात्र शेपटीखालून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना कवेत घेणारी लहान हाडे त्याच्या खालच्या कडेस टेकतात. ह्यूने यांनी जबलपुरिया, सीलुरॉइडीस, ड्रिप्टोसॉरॉइडीस आणि ऑर्निथोमिमॉइडीस यांचे मणके धडाचे मानले होते. फेरतपासणीत ते शेपटीचे निघाले. अ‍ॅबेलिसॉरिडांच्या शेपटीच्या मणक्यांना दोहो बाजूंस लांब, भक्कम आडवे बाहू असतात. कार्नोटॉरसमध्ये तर ते वर उचललेले आणि टोकाशी पुढे वळलेले आहेत. मांडी मागे ओढणाऱ्या प्रचंड स्नायूला त्यामुळे जागा मिळते, असे २०११ मधील एका अभ्यासाने दाखवले. असे रुंद बाहू असलेला सुटा मणका पाहून तो धडाचा वाटणे समजण्यासारखे आहे, कारण अशी शेपूट ह्यूने यांच्या काळी कोणी पाहिलीच नव्हती. एकदा धडाचा म्हणून स्वीकारल्यावर मात्र त्याची तुलना दुसऱ्या प्राण्यांच्या धडाशी होत राहिली, आणि जे वेगळेपण स्थानाचे होते ते प्रजातीचे म्हणून नोंदले गेले. शेपटीतही आरंभीचे मणके जाड आणि टोकाकडचे लांबट, बारीक असतात. एका शेपटीतील दोन मणके दोन प्राण्यांचे वाटू शकतात, ही शक्यता गृहीत धरावीच लागते.

पाठचिकित्सेत याला समांतर अनुभव आहे. एखादी ओवी प्रकरणाच्या आरंभीची की उपसंहारातली, हे चुकले तर तिचा अर्थ, तिची शैली आणि कधी कधी तिचा कर्ताही चुकतो. लीळाचरित्राचा मूळ ग्रंथ नष्ट झाल्यावर तो स्मरणातून पुन्हा उभा केला गेला, अशी महानुभाव परंपरा आहे; त्याचे निरनिराळे पाठ आपल्यासमोर आहेत आणि संपादकाला प्रत्येक लीळेचे स्थान ठरवताना हीच सावधगिरी बाळगावी लागते. अर्थात दाखला ताणता येणार नाही. पोथीचा लेखक चुकतो, विसरतो, सुधारतो. गाळाला हेतू नसतो. परंतु तुकड्याचे स्थान आधी आणि त्याचे नाव नंतर, हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे.

फेरआढाव्याचा निष्कर्ष दुहेरी होता. मणक्यांवर उभी असलेली बहुतेक नावे निःसंशय ओळख पटविण्यास अपुरी ठरली. लीव्हीसुकस मात्र नोआसॉरिड म्हणून टिकून राहिला. गमावले ते नावांचे वैविध्य. मिळाले ते अधिक मोलाचे होते : नर्मदेच्या खोऱ्यातील ओळखता येण्याजोगे शिकारी उत्तरेकडचे पाहुणे नव्हते, त्यांचे सगेसोयरे पॅटागोनियात आणि मादागास्करमध्ये होते. भारत आणि मादागास्कर सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी विलग झाले. त्यानंतरही दोन्हीकडे एकाच घराण्याचे वंशज राहिले, ही गोष्ट गोंडवन खंडाच्या इतिहासाला आतून दुजोरा देते. ‘गोंडवन’ हा शब्दही नर्मदेच्या दक्षिणेकडील गोंडांच्या भूमीवरूनच भूशास्त्रात गेला, हे येथे आठवावे. उत्तरेच्या उपमा बाजूला झाल्यावर या हाडांना आपला प्रदेश परत मिळाला.

लहान हाडांवर भिस्त ठेवण्यातला धोकाही याच घराण्याने दाखवून दिला आहे. १९८० मध्ये अर्जेंटिनातील नोआसॉरस वर्णिला गेला तेव्हा त्याचे एक वाकडे नखर पायाचे, विळ्यासारख्या हत्याराचे समजले गेले आणि चित्रकारांनी त्याला तसे रंगवलेही. २०१० च्या सुमारास अग्नोलिन आणि पाब्लो किआरेली यांनी ते हाताचे असल्याचे दाखवले. म्हणजे पायाचे हाड कुळ सांगू शकते, पण ते पायाचेच आहे हे आधी सिद्ध व्हावे लागते.

यावर उपाय काय? गुजरातेतील रहिओलीचे उदाहरण पाहावे. बालासिनोरजवळच्या या गावी १९८० च्या दशकाच्या आरंभी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी उत्खनन केले, तेव्हा कोणते हाड कोठे, कोणत्या हाडाशेजारी पडले होते याचा तपशीलवार नकाशा काढून ठेवला. जवळजवळ दोन दशकांनी जेफ्री विल्सन, पॉल सेरेनो, श्रीवास्तव, अशोक साहनी आदींनी त्या नकाशाच्या साहाय्याने विखुरलेली हाडे जुळवली आणि २००३ मध्ये ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ जाहीर केला. कवटीचा भाग आणि बाकी सांगाड्याचे भाग यांची सांगड येथे घालता आली. २०१० मध्ये त्याच परिसरातून किमान सात प्राण्यांच्या हाडांवरून सडपातळ पायांचा ‘राहिओलिसॉरस’ वर्णिला गेला. बडा सिमला आणि रहिओली यांच्यातला फरक हाडांच्या प्रतीपेक्षा नोंदीच्या प्रतीचा आहे. महाराष्ट्रातील पिसदुऱ्यानेही हेच शिकवले. तेथील अश्मीभूत विष्ठा दुर्लक्षिली गेली असती तर नवल नव्हते. ती नीट जपल्यामुळे २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांना तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले, आणि डायनोसॉरांच्या काळीही गवत होते हे सिद्ध झाले.

आता पुन्हा मणिबेलीकडे. माणसांची हाडांशी तुलना येथे अभिप्रेत नाही. तुलना आहे ती नोंदवह्यांची. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ मध्ये विस्थापितांचे हक्क ठरवले तेव्हा जमीनधारक कोण, याला मोठे महत्त्व आले. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील अनेक आदिवासी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या कसत आलेली जमीन सरकारी दप्तरात मात्र वनजमीन होती. कसणारा त्या दप्तराच्या वर्गीकरणात ‘अतिक्रमणधारक’ ठरला. जागतिक बँकेने नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या स्वतंत्र समितीने जून १९९२ च्या अहवालात या प्रश्नाची गंभीर दखल घेतली. मार्च १९९३ मध्ये बँकेचे उर्वरित कर्ज थांबले. जे वर्ग बाहेरच्या दप्तरात आधीच तयार होते त्यांत समोरचे वास्तव बसवले गेले, आणि न बसणारा भाग वास्तवाचा दोष मानला गेला. ह्यूने यांच्या चुकीने एक मणका सत्तर वर्षे चुकीच्या खणात राहिला; दप्तराच्या चुकीची किंमत जिवंत माणसांनी मोजली. त्यामुळे पहिली चूक समजून घेणे हा नुसता विद्याविलास राहत नाही.

१९९४ मध्ये मोठ्या धरणांना जागतिक बँकेने अर्थसाहाय्य देऊ नये अशी मागणी करणारे जे निवेदन जगभरातील शेकडो संघटनांनी स्वीकारले, त्याला ‘मणिबेली जाहीरनामा’ असे नाव मिळाले. मणिबेलीचे शूलपाणेश्वराचे जुने देऊळ जलाशयात गेले आणि त्याच नावाचे नवे देऊळ गुजरातेत गोरा येथे उभे राहिले. २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. नाव दूर गेले, भूमी पाण्याखाली राहिली. जबलपूरच्या फडताळात नेमके असेच घडले होते : नावे जगभरच्या ग्रंथांत पोहोचली आणि ज्या जागेवरून ती आली त्या जागेचा नकाशा कोणी काढून ठेवला नव्हता.

बुडालेल्या भूमीचा थर पुन्हा वाचता येत नाही. वाचता येते ती बुडण्यापूर्वी केलेली नोंद. राजासॉरस नर्मदेचे नाव घेऊन उभा आहे तो एका नकाशामुळे, आणि लिडेकरचा मणका परत मिळाला तो कोणी तरी कपाट उघडून चिठ्ठ्या वाचल्यामुळे. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी सातपुड्यातल्या पावरी वा भिली गाण्यांचे, गावांच्या जुन्या नावांचे, वा एखाद्या घरातल्या पोथीचे संकलन करण्यास निघाला असेल, तर त्याला एवढेच सांगावेसे वाटते : हे कोणत्या प्रकारात मोडते हा निर्णय घाईने करू नकोस, ते कोणाकडून, कोठे, कशाच्या शेजारी मिळाले, हे मात्र त्याच दिवशी लिहून ठेव. वर्गीकरण पुढच्या पिढीला दुरुस्त करता येईल, परंतु न केलेली नोंद तिला करता येणार नाही.